आपोआप गिअरची गाडी

पेढ्यांचा पुडा अजून माझ्या हातातच होता, त्याचा दोरासुद्धा सुटला नव्हता, आणि आमच्या सूनबाईंनी मोडण्याची भाषा काढली. चारचौघांत, आणि मला न विचारता.

"ह्याचा गिअरबॉक्स किती वर्षं टिकतो हो?" तिनं गाड्या विकणाऱ्या टायवाल्याला विचारलं.

सुपारी फुटायच्या आधी नवरामुलगा किती वर्षं जगणार असं कुणी विचारतं का? पण शैलजेला वेळकाळ कळायचा नाही. घरात तोंडातून शब्द निघायचा नाही आणि परक्या माणसापुढं मात्र प्रश्नांची माळ. ह्या तिच्या वागण्याचा मला ती घरात आल्यापासून राग. सांगलीच्या त्या काचेच्या दुकानात थंड हवेत बसूनही माझं डोकं तापलं.

टायवाला हसला. "मॅडम, आपोआप गिअरची गाडी म्हणजे मजबूतच असते. पण खरं सांगायचं तर गिअरबॉक्स नाजूक काम. बिघडला तर दुरुस्त करत नाहीत, अख्खा बदलतात. अर्ध्या गाडीचा खर्च. म्हणून कंपनी दोन वर्षांची वॉरंटी देते. वर थोडे पैसे भरले की वाढीव वॉरंटी मिळते, पाच वर्षांपर्यंत. काही झालं तर सगळं कंपनीच्या अंगावर."

"म्हणजे," मी म्हणाले, "तुमच्या मालावर तुमचाच इतबार नाही."

"तसं नाही आजी."

"आजी कुणाला म्हणतो? दोन वर्षांत मोडली तर तुम्ही देणार. तिसऱ्या वर्षी मोडेल म्हणून आत्ता पैसे घेणार. म्हणजे तिसऱ्या वर्षी मोडणार हे तुम्हाला ठाऊक आहे. असंच ना?"

आजूबाजूची दोन माणसं हसली. टायवाल्यानं पेन खाली ठेवलं. शैलजा हळूच म्हणाली, "आत्या, घेऊन ठेवू या का?" सासूला आमच्या आटपाडीकडं आत्याच म्हणतात.

"मंगळसूत्र घालायला निघालीस आणि पांढऱ्या लुगड्याला सांगून ठेवतेस होय?"

तिनं मान खाली घातली. "बरं," म्हणाली. एवढंच.

धैर्यशील, माझा मुलगा, तिकडं गाडीत जाऊन बसला होता. त्याला ह्यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो नुसता समोर बघत होता. चार वर्षांनी त्याला त्या जागेवर बसलेला बघत होते मी.

तो डाळिंबाचा जाणकार. शेतीचं शिकलेला. आटपाडी, सांगोला, जतपर्यंत लोक त्याला बागेत बोलवायचे. पानावरचा डाग बघून आठ दिवसांनी काय होणार ते सांगायचा. मग करगणीच्या वळणावर त्याची मोटारसायकल ट्रॉलीखाली गेली. जीव वाचला, पण डाव्या पायाची शीर तुटली. पाऊल लोंबायला लागलं. चपलेतून कधी निसटायचं तेसुद्धा त्याला कळायचं नाही. क्लच दाबायचा तर प्रश्नच नाही. चार वर्षं माझा पोरगा घराच्या ओट्यावर बसून लोकांना फोनवर सल्ले देत होता, आणि मग हळूहळू फोन वाजायचे कमी झाले. फोनवरून पान दिसत नाही ना.

मग कुणीतरी सांगितलं, आता अशी गाडी येते की तिला क्लचच नसतो, गिअर आपोआप पडतात, एका उजव्या पायावर सगळी चालते. त्या दिवशी तो चार वर्षांत पहिल्यांदा भाकरी मागून घेऊन जेवला.

म्हणून ती गाडी. आमच्या घरी ती काही मिरवायला आली नव्हती. तो त्याचा डावा पाय होता.

सह्या झाल्या. मी गाडीच्या नाकाला कुंकू लावलं, लिंबू-मिरची बांधली, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. शैलजा तेवढ्यात हात धुवायला म्हणून आत गेली होती, ती नारळ वाढवून झाल्यावर आली. मी म्हटलं, "कुठं होतीस? देवाच्या कामाला पाठ?" ती म्हणाली, "आले की." धैर्यशीलनं गाडी दुकानाच्या बाहेर काढली तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पोराला रडताना बघायचं नसतं.

दोन वर्षं गाडी लोण्यासारखी चालली. मी गावभर सांगत होते, बघा, कंपनीवाले उगाच भीती घालतात.

तिसऱ्या पावसाळ्यात गाडीनं पहिला झटका दिला. सुरू करून निघताना मागून कुणी धक्का दिल्यासारखी हलायची. मृगबहाराचे दिवस, हवा ओलसर, बागांवर तेल्या रोग पडायची भीती. धैर्यशीलला दिवसाला चार-चार ठिकाणाहून बोलावणं. तो म्हणायचा, "चालतीय अजून. बघू नंतर." शैलजेनं मात्र सांगलीला फोन केला आणि बुधवारचा दिवस ठरवून घेतला.

तिच्या भावाच्या मुलीचं बारसं होतं, म्हणून ती शनिवारी माहेरी निघाली. पिशवी खांद्याला लावून दारात थांबली.

"आत्या, गाडीला कुणाचा हात लागू देऊ नका. बुधवारी कंपनीतच दाखवायची आहे."

"का? गावातली माणसं काय हात धुवत नाहीत?"

"तसं नाही. कंपनीतच दाखवलेली बरी."

"का बरी?"

ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. ओठ हललेसुद्धा. मग म्हणाली, "नाजूक काम असतं म्हणून," आणि एसटी गाठायला गेली.

मला तिचं बोलणं झोंबलं. दोन वर्षांची मुदत संपलेली, आता कंपनी फुकट काही करणार नाही, सोलून काढणार, एवढं मला न शिकता कळत होतं. आणि दस्तगीर मिस्त्री काय मेला होता? आमच्या मालकांची जीप, नंतर टेम्पो, ट्रॅक्टर, सगळ्यांची पोटं दस्तगीरनं उघडलेली. आमच्याकडं तर रीतच होती. गाडी नवी असो की जुनी, कुरकुर केली की आधी तिचं तेल दस्तगीरच्या हातानं बदलायचं. मालक म्हणायचे, त्याच्या हाताला गुण आहे.

रविवारी धैर्यशील सांगोल्याला चर्चासत्राला गेला, एका बागायतदाराच्या जीपमधून. मी दस्तगीरला बोलावून घेतलं.

तो आला, गाडीत बसला, अंगणात पुढं-मागं करून बघितली आणि उतरला.

"अक्का, हिला मी हात लावत नाही."

"का रे? हात थरथरायला लागले?"

"हे आपोआपचं काम आपलं नव्हं. आत काय आहे ते मी कधी बघितलंच नाही."

"जीपचं इंजिन तू पहिल्यांदा उघडलंस तेव्हा कुठं बघितलं होतंस? मालकांनी तुझ्यापुढं जीप उभी केली आणि म्हणाले, शिक. आठवतंय का?"

"आठवतंय की."

"मग? मालक गेले म्हणून ह्या घरावरचा तुझा हातपण गेला म्हण. जा, मी दुसरा बघते."

असं बोलायला नको होतं. दस्तगीर हळवा माणूस. त्याचं तोंड उतरलं. "तेल तेवढं बदलून बघतो," तो म्हणाला. "बाकी काही उघडत नाही."

त्यानं गाडी त्याच्या गॅरेजला नेली, मीही बरोबर बसले. खालून तेल सोडलं, ते पातळ, लालसर. "पाण्यासारखं आहे अक्का, ह्यानंच झटके देत असंल," तो म्हणाला, आणि मोठ्या डब्यातलं चांगलं घट्ट गिअरचं तेल आणून आत भरलं. ट्रॅक्टरला घालतो त्यातलं भारीतलं. फडकं शोधताना पुढच्या कप्प्यातून एक प्लास्टिकचं पाकीट निघालं, आत इंग्रजी कागद. त्यानं माझ्याकडं केलं. "हे काय?"

मी दुसरीपर्यंत शिकलेली. तो तेवढापण नाही. "कंपनीचं असंल काहीतरी," मी म्हटलं, "ठेव आत."

आणि गंमत बघा, गाडी मऊ झाली. सोमवारी सकाळी धैर्यशील चक्कर मारून आला आणि म्हणाला, "आई, आज झटका नाही." मी दस्तगीरचं नाव न काढता भाकरीवर लोणी जास्त वाढलं. मंगळवारी शैलजा आली, म्हणाली, "तरीपण उद्या दाखवून येऊ या." तो म्हणाला, "उद्या जतला दोन बागा आहेत, तेल्या दिसलाय. गाडी चालतीय ना? पुढच्या आठवड्यात जाऊ." मी माजघरात बसून ऐकत होते. मला वाटत होतं, जिंकले.

नवव्या दिवशी धैर्यशील एका बागेतून निघाला तो गाडी आडरस्त्यावर ओरडायला लागली. इंजिन बोंब मारतंय, चाक फिरत नाही. मग तेही थांबलं. फोनला रेंज नाही. बाहेर चिखल, आणि त्याचं पाऊल लोंबतं. अडीच तास तो एकटा गाडीत बसून होता. एका मेंढपाळानं त्याचा हात आपल्या खांद्यावर घेऊन त्याला मोठ्या रस्त्याला आणलं. घरी आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल.

गाडी ओढून सांगलीला नेली. "मी येत नाही," तो म्हणाला, "तुम्ही बघा काय म्हणतात." आम्ही दोघी गेलो.

काउंटरवरच्या माणसानं गाडीचा नंबर टाकला आणि त्याचं तोंड उजळलं. "काळजी करू नका ताई. तुमची वाढीव वॉरंटी आहे, पाच वर्षांची. अजून अडीच वर्षं शिल्लक. गिअरबॉक्स गेला असला तरी फुकट बदलून मिळेल. उघडून बघतो, बसा."

मी शैलजेकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती.

"कधी काढलीस?"

"त्याच दिवशी. तुम्ही नारळ फोडत होता तेव्हा."

"पैसे?"

"शिलाईचे होते माझ्याजवळ."

"धैर्याला ठाऊक आहे?"

"हो."

"म्हणजे घरात मला एकटीलाच ठाऊक नाही."

तिनं मशिनचा चहा आणून माझ्या हातात दिला. काय सांगू, मला एकीकडं राग येत होता आणि एकीकडं जिवात जीव आला होता. पोराचा पाय परत मिळणार होता. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. पण माझ्या तोंडाला सवय वेगळी. मी म्हटलं, "चोरून केलंस ते केलंस, चहा तरी गोड आणायचा."

ती हसली. लग्न झाल्यापासून माझ्या बोलण्याला ती हसल्याचं मला आठवत नाही.

तासाभरानं तो माणूस परत आला. हातात पत्र्याचं पसरट भांडं, त्यात काळं, दाट तेल, आणि तेलात चमचमणारा लोखंडाचा चुरा.

"हे तेल कुणी घातलं?"

माझ्या हातातला चहा गार झाला होता. तरी मी तो तोंडाला लावला.

"ताई, हे साध्या गिअरचं तेल आहे. ह्या गिअरबॉक्सला हे चालत नाही, आतून सगळा खाऊन टाकलाय त्यानं. आणि खालच्या बोल्टवरची कंपनीची खूणपण मोडलीय. बाहेरच्या माणसानं उघडला म्हणजे वॉरंटी गेली. तुम्ही फोनवर सांगितलेला झटका साधाच होता, आणली असती तर आम्ही फुकट करून दिला असता."

शैलजेनं मान वळवली. माझ्याकडं नुसतं बघितलं. तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. मी बोलणार होते. माझी जीभ टाळूला लागली होती, शब्द तयार होता, 'मी'. गावभर तलवारीसारखी फिरणारी जीभ माझी, एका अक्षरासाठी हलेना.

"मी दिली होती," शैलजा म्हणाली. "गावातल्या मिस्त्रीकडं. मला माहीत नव्हतं."

"पण ताई, सही करताना सगळं समजावून सांगितलं होतं तुम्हाला. बाहेर उघडायची नाही म्हणून."

"हो. चुकलं माझं."

तेव्हा मी उठले. त्या काउंटरपुढं उभी राहिले आणि हात जोडले. मी कुणापुढं हात जोडलेले गावानं बघितले नाहीत, नवरा गेला तेव्हा बँकेपुढंसुद्धा नाही. "बाबा, ती गाडी नव्हं, माझ्या पोराचा पाय आहे तो. एवढ्या वेळेला बघ."

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं माझे हात खाली केले. "आजी, वर कळवतो मी. पण आशा ठेवू नका. माझ्या हातात काही नाही."

ह्या वेळी मी त्याला आजी का म्हणतोस असं विचारलं नाही.

घरी आल्यावर शैलजेनं चपला काढायच्या आधी धैर्यशीलला सांगितलं, दस्तगीरकडं मीच दिली होती. तो तिच्यावर असा ओरडला की शेजारची माणसं दारात आली. "तूच वॉरंटी काढायची आणि तूच घालवायची? अक्कल गहाण ठेवली होतीस काय माहेरी?" बायकोशी कधी वरच्या आवाजात न बोललेला माझा मुलगा. ती चुलीकडं तोंड करून उभी. मी देवघरापुढं बसून वाती वळत होते. एकीच्या दोन झाल्या, दोनांच्या वीस. उठले नाही.

वरून उत्तर आलं, नाही म्हणून. नवा गिअरबॉक्स घ्यायची आमची ऐपत नव्हती. विकण्यासारखं होतं ते त्याच्या पायाच्या ऑपरेशनला गेलं होतं. गाडी आणून अंगणात लावली, वर ताडपत्री. बागांवर तेल्या पडला. लोक चार दिवस थांबले, मग त्यांनी सोलापूरचा दुसरा माणूस बोलावला. कुणी म्हणालं, धैर्यशील, आम्ही नेतो-आणतो. तो म्हणाला, "मी काय पार्सल आहे?" पुन्हा ओटा. पुन्हा फोन उशाला आणि तोंड भिंतीकडं. शैलजेशी तो बोलायचा बंद झाला. ती ताट ठेवायची, हा उचलायचा. दस्तगीर एकदा आला, अंगणातूनच ताडपत्रीकडं बघितलं आणि माघारी गेला.

दोन महिने मी हे बघितलं. एका दुपारी शैलजा परड्यात धान्य वाळवत होती, तेव्हा मी ओट्यावर गेले. त्याच्या उशाशी बसले.

"धैर्या, दस्तगीरकडं गाडी मी दिली होती. तिनं नव्हं."

तो वळला नाही.

"ऐकलंस का?"

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आई," तो म्हणाला. "शैलजाला खोटं बोलता येत नाही."

"ठाऊक होतं? मग तिच्यावर का ओरडलास?"

तेव्हा त्यानं मान वळवली. रागानं नव्हे. दमलेल्या माणसानं बघावं तसं बघितलं.

"तुझ्यावर ओरडता येतं का ह्या घरात कुणाला?"

आणि परत भिंतीकडं तोंड केलं. त्याचं ते पाऊल गोधडीच्या बाहेर आलं होतं, ते मी आत सारलं. त्याला कळलंसुद्धा नाही.

मग उठून परड्यात गेले. शैलजा उकिडवी बसून ज्वारी हातानं पसरत होती. मला बघून पदर सावरून उठायला लागली.

"बस," मी म्हटलं. "त्याला सांगून आले. त्याला ठाऊकच होतं."

तिचा हात ज्वारीतच राहिला.

"आता माझं ऐक, आणि 'बरं' म्हणू नकोस. तू मला घाबरलीस, शैलजा. नवऱ्याच्या पायापेक्षा सासूच्या तोंडाला जास्त घाबरलीस. त्या शनिवारी दारात उभी होतीस तेव्हा सांगितलं असतंस ना, की आत्या, मी चोरून पैसे भरलेत, तुमच्या मिस्त्रीनं हात लावला की सगळं जाईल, तर मी तुला घालूनपाडून बोलले असते. महिनाभर बोलले असते, तुझ्या माहेरापर्यंत गेले असते. पण माझा पोरगा आज बागेत असता."